कोणता अंकल?

हळदीवर लिहून राहिलो म्हणलं की तुम्ही मांडव शोधायला लागणार. नवरी कुठंय, करवल्या कुठंयत, वाजंत्रीवाले आले का. तुमची चूक नाही. त्यात मी आणखी सांगितलं, की या लेखात एक मामा आहे, मामाला एक पोरगा आहे आणि मामाच्या मेलेल्या बहिणीची एक पोरगी आहे, तर तुम्ही अक्षता हातात घेऊनच बसाल. ठेवा त्या खाली. लग्न होणार नाही. हळद पोत्यानं आहे, पण ती कढईत शिजायचीय. आणि लेख तर खरं म्हणजे इंग्रजी कादंबऱ्यांतल्या लेकराबाळांवर आहे.

आता लगेच उठू नका. इंग्रजी म्हणलं की अर्धे वाचक पान उलटतात, मला माहीत आहे, मीही उलटायचो. पण त्यातली एक कादंबरी मी कढईच्या शेजारी, बायांच्या घोळक्यात, पालथ्या डालग्यावर बसून सांगितलेली आहे. तिच्यात अर्धं इंग्लंड होतं आणि अर्धं आमचं गाव. कोणतं किती, ते मला एका दुपारी कळलं.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलंय. आमचे प्राध्यापक नाकात बोलतात. "लिहा. इंग्रजी कादंबरीतील कुटुंबजीवन. मुद्दा पहिला, अनाथ बालक." त्यांची नक्कल मी इतकी बराबर करतो की होस्टेलात पोरं वही काढून बसतात. तर मुद्दा तिसरा चालू असताना सुट्टी लागली, आणि परवा एस.टी.तून उतरून कालव्याच्या पुलावर आलो तर वास आला. हळद शिजून राहिली होती. हा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगता येत नाही. ओल्या मातीसारखा म्हणावा तर कडवट आहे, औषधासारखा म्हणावा तर भूक लागते. मी पुलावरच पेटी खाली ठेवली. नाकात शिरला हळदीचा वास आणि डोळ्यासमोर आली एक इंग्रज बाई, तिला मिशा.

ती बाई आमच्या नववीच्या पुस्तकातली.

दुष्काळ सरून गेलेला होता. सिद्धेश्वर धरणाचं पाणी पुन्हा कालव्याला आलं आणि बानं दीड एकर हळद लावली. ती निघाली नेमकी परीक्षेच्या तोंडावर. हळद आणि परीक्षा आमच्याकडं एकाच महिन्यात पिकतात, आणि दोन्हींत पोरांचाच भुगा होतो. बा आणि गडी हळद खणायचे. बाया बोरीच्या सावलीत बसून गड्ड्याचे हळकुंडं मोडून वेगळे करायच्या. मधला जेठा गड्डा बेण्याला ठेवायचा आणि त्याला लगडलेली पोरं कढईत टाकायची. हाताला रंग असा बसायचा की पंधरा दिवस भाकरीसुद्धा पिवळी.

मला हे काम नको होतं. म्हणून मी अक्कल लढवली. इंग्रजीचं जादा वाचनाचं पुस्तक आमच्या घरात एकच होतं आणि नववीत दोघं होते, मी आणि शकू. शकू माझी चुलत बहीण. तिचे माय-बाप एकाच पावसाळ्यात गेले, बाप काविळीनं, माय बाळंतपणात. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तेव्हापासून आमच्याकडं. मी मायला म्हणलं, "मी मोठ्यानं वाचतो, शकू हळद मोडता मोडता ऐकते. दोघांचा अभ्यास होतो." माय म्हणली, "आन तुझे हात?" मी म्हणलं, "हातात पुस्तक हाय ना."

पुस्तक म्हणजे मोठी कादंबरी पिळून केलेलं नव्वद पानांचं. वरचं पान फाटलेलं, त्यामुळं नावच माहीत नव्हतं, आणि नाव परीक्षेला येतही नव्हतं. एडवर्ड नावाचं पोरगं. त्याचे माय-बाप वारलेले. त्याला बग्गीत घालून अंकलच्या मोठ्या वाड्यावर पाठवतात. तिथं अंकलची बायको, मिसेस अमुक. मोडणाऱ्या बायांत गोदामाय होती, आमच्या शेजारची म्हातारी. दात तीनच, पण तिन्ही धारेचे. पहिल्याच दिवशी तिनं एडवर्डचा यादव केला. मिसेसचं तर विचारूच नका.

"मिशीस म्हणजे मिशी हाय का तिला?"

"न्हाई गोदामाय, मिसेस म्हणजे लग्नाची बाई."

"लग्नाच्या बाईला मिशी काहून?"

तेव्हापासून ती मिशीवाली.

पुस्तकात एक वाक्य होतं, की पोरांना नर्सरीत झोपायला पाठवलं. आता आम्हाला नर्सरी एकच माहीत, कालव्याच्या पलीकडची, जंगलखात्याची, निलगिरीच्या रोपांची. मी बेधडक सांगितलं, इंग्रजांची लेकरं रोपवाटिकेत झोपतात. बायांचे हात थांबले. मग गोदामाय म्हणली, "म्हणूनच ते गोरे. सावलीत वाढले."

आता कॉलेजात कळलं नर्सरी म्हणजे काय. पण खरं सांगतो, गोदामायचा अर्थ मला अजून सोडवत नाही. त्या कादंबऱ्यांतली लेकरं वाफ्यात लावल्यासारखीच आहेत. वेगळी खोली, वेगळं जेवण, सांभाळायला पगारी बाई. बापाला भेटायचं तर केस विंचरून. जेवायला घंटा वाजते. बाया त्या घंटेवर दोन दिवस हसत होत्या. "देऊळ हाय का शाळा?" आणि सगळ्यात जास्त त्यांना काय खुपलं, तर यादवाला मिशीवालीनं माळ्यावर कोंडलं ते नाही. कोंडल्यावर कोणीच आलं नाही ते.

"शेजारीण न्हाई का त्या गावात?" गोदामायनं विचारलं.

मी पानं चाळली. नव्वद पानांत शेजारीण नव्हती. बर्फ होता, घोडे होते, वकील होता. शेजारीण नव्हती. आजही जाडजूड कादंबरी वाचताना मी आधी शेजारीण शोधतो. सापडते कधी कधी. पण ती पत्र पाठवून, वेळ घेऊन, टोपी घालून येते. तोपर्यंत लेकरू रडून झोपलेलं असतं.

तर गाडी अडली ती अंकलवर. गोदामाय म्हणली, "अंकल म्हणजे कोण? चुलता का मामा?"

पुस्तकात नुसतंच अंकल. बाया म्हणल्या, हे ठरल्याबिगर आमी पुढं ऐकत न्हाई. त्यांचंही बराबर होतं. चुलता म्हणजे वाटणी, बांध, विहिरीतली पाळी. मामा म्हणजे कडदोरा, टोपी, गूळ. दोघांना एकच नाव ठेवणारे लोक राज्य कसं करून गेले याचंच त्यांना नवल. मी दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारलं. आमचे इंग्रजीचे सर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, वैतागले की हिंदीत जायचे.

"अंकल मतलब अंकल. बैठ."

"सर, पण बाया थांबून राहिल्यात."

"कोणत्या बाया?"

"हळद मोडणाऱ्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे परीक्षेला येत नाही," ते म्हणले. मग जरा हळू आवाजात, "आणि मलाबी माहीत नाही."

शेवटी बायांनीच ठरवलं. मामा असता तर पोरगं बग्गीतून उतरायच्या आदी त्यानं खांद्यावर घेतलं असतं. चुलताच असणार. "आन मिशीवाली त्याची चुलती," गोदामायनं शिक्का मारला. आणि म्हणल्याबरोबर तिनं जीभ चावली, कारण समोर माझी माय बसलेली होती, आणि माझी माय शकूची चुलती होती. सगळ्या बाया एकदम मायकडं बघायला लागल्या.

"काहून बघून राहिल्या?" माय म्हणली. "मोडा हळद."

इथं माझ्या मायबद्दल सांगायला पाहिजे. तिचं तोंड म्हणजे आमच्या आळीचा भोंगा. मला उठवायची ती शिवीनं, जेवायला वाढायची ती शिवीनं. मुडद्या हे माझं पाळण्यातलं नाव आहे असं मला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, दिवसातून तीनदा, जेवणाआधी एकदा नक्की: "खायला काळ अन् भुईला भार." पण हे सगळं मला. शकूला नाही. शकूला ती "शकू बाई" म्हणायची. शकूकडून दूध सांडलं तर मला शिव्या बसायच्या, की मांजर हाकलायला तुझे हात मोडले होते का. मांजर गावात नसायचं त्या दिवशी. आळीतल्या बाया मायचं नाव काढायच्या, चुलती असून पोरीला कधी मोठ्यानं बोलली नाही. मायही त्या नावाला जपायची. भरल्या घागरीला जपावं तशी. मला शकूचा हेवा वाटायचा.

आणि त्या वर्षी जपायला कारणही होतं. शकूचा मामा नरसी गावचा. संक्रांतीला येऊन बाला सांगून गेला होता, "माझ्या बहिणीची एवढीच निशाणी हाय. माझ्या पोराला करून घेतो." बा म्हणला, मॅट्रिक होऊ द्या. मामा माणूस चांगला. म्हणला, "पोरगी सुखात असंल तर मॅट्रिकपोतर थांबतो. हळद निघाली की येऊन बघतो. तकलीफ दिसली तर मग मी काई ऐकायचा न्हाई, घेऊन जाईन." म्हणजे शकूची शाळा राहती का जाती, ते मामाच्या एका दुपारच्या बघण्यावर होतं. शकू वर्गात माझ्या पुढं होती, इंग्रजीत तर चार पावलं. त्या दिवसापासून ती कालव्याच्या कडेनं शाळेत जाताना पाढे म्हणावेत तसे स्पेलिंग म्हणत चालायची.

मिशीवालीला आवाज पाहिजे होता. मी आधी आमच्या सरांचा लावून बघितला, बसला नाही. मग एक दिवस माय उठून गेलेली, आणि माझ्या तोंडून आपोआप मायचाच निघाला. ठसका, हेल, मध्येच पदर खोचतानाची "हां" सुद्धा. बाया लोळल्या. त्यानंतर रोज माय उठली की मिशीवाली यायची. एकदा माय मागं येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही. पण तीही पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं परवाना मिळाला.

एक गोष्ट मी तेव्हा ऐकली आणि सोडून दिली. शाळेच्या वाटेवर शकू मला म्हणली, "मिशीवालीचा आवाज काढ ना."

"इथं? कोण हाय ऐकायला?"

"मी हाय ना. मला म्हण."

"काय म्हणू?"

"ते तुला म्हणते ते. काळ आन भार."

मी म्हणलं. मायच्या आवाजात, कंबरेवर हात ठेवून, कालव्याच्या कडेला. शकू खूप हसली. मग म्हणली, "आणखी एक डाव." मी कलाकार. मला काय, टाळी मिळाल्याशी मतलब.

आणि मग ती दुपार. कढईला पाल्याचा जाळ घातलेला, वरून गोणपाट झाकलेलं, चारीकडून वाफ. माय घागर घेऊन कालव्यावर निघाली. जाताना म्हणली, "शकू बाई, कढईकडं ध्यान दे हं. काडी टोचून बघ, पार गेली की हाक मार." आणि मला, "मुडद्या, जाळ सार."

ती वळली न वळली तोच मी डालग्यावर उभा. डोक्यावर गोदामायची चुंबळ सोडून केलेला पदर, हातात हळद हलवायचं फावडं. प्रसंग कोणता, तर यादव ताटावर बसलाय आणि मिशीवाली येते. यादव होती शकू. ती खाली मांडी घालून हळकुंडाची भाकर खात होती.

"खायला काळ अन् भुईला भार," मी मायच्या आवाजात सुरू झालो. "माय-बाप मरून गेले आन हे माझ्या उरावर ठेवून गेले. किती गिळशील? ऊठ. भांडे कोण घासंल, तुझा मामा?"

बाया हसल्या नाहीत. मला वाटलं, वाक्य पडलं. मी पुन्हा जोर लावून म्हणलं, "तुझा मामा घासंल का?"

"घासतो की," वाफेच्या पलीकडून आवाज आला.

मामा बोरीखाली उभा होता. हातात पिशवी, पिशवीतून कागदात बांधलेल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. वाफेतून त्याला मी दिसलो नव्हतो. फक्त आवाज ऐकू आला होता, आणि समोर दिसत होती खाली मान घालून बसलेली भाची.

"शके," तो म्हणला, "दप्तर उचल तुझं."

तेवढ्यात त्याच वाफेतून माय घागर घेऊन पुढं आली. मामा तिच्याकडं वळला. "अक्का, म्या ह्या कानानं ऐकलं."

"काय ऐकलं, भाऊ?"

मी डालग्यावरून उतरलो. पदर काढायचं भान नव्हतं. "मामा, ते मी बोललो. पुस्तकातलं हाय. इंग्रजी."

मामानं माझ्याकडं पायापासून पदरापर्यंत बघितलं. "इंग्रजी पुस्तकात खायला काळ अन् भुईला भार असतं व्हय? दाखव."

मी पान काढलं. पानावर ते नव्हतं. पानावर मिशीवाली म्हणते, की यू आर अ बर्डन टु अस, तू आम्हाला भार. मी बोट ठेवून वाचलं. मामाला इंग्रजी येत नव्हतं. तो म्हणला, "ह्यात मामा कोणता?"

"मामा न्हाई. अंकल हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे चुलता." मग खरं बोलावं म्हणून मी म्हणलं, "मामाबी."

"कोणता एक सांग."

"आमी चुलता ठरवला," गोदामायनं मला मदत केली. अशी मदत वैऱ्याला मिळू नये.

मामानं मान हलवली, ऐकायचं होतं ते मिळाल्यासारखी. तेव्हा शकू उठली. म्हणली, "मामा, मोठी माय मला असं कधीच बोलली न्हाई."

"धाकानं बोलून राहिली तू."

"धाकानं न्हाई. खरंच न्हाई बोलली. याला रोज बोलते. सकाळ-दुपार बोलते. मला एक डावबी न्हाई. दूध सांडलं तरी न्हाई. पाहुण्याला बोलत न्हाईत तसं." आणि तिला रडू फुटलं.

"मग रडते काहून?"

"म्हणूनच," शकू म्हणली.

कोणालाच कळेना ही मायची बाजू घेऊन राहिली का तक्रार करून राहिली. मामा पिशवी धरून तसाच. मायची घागर कमरेवर तशीच. तिच्या तोंडाकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं, हा चेहरा मला करता येणार नाही.

आमच्या प्राध्यापकांचा मुद्दा तिसरा असा, की इंग्रजी कादंबरीत लेकराला कोणी रागावलं, की समजायचं तिथं माया नाही, आणि जो हळू बोलतो तो चांगला. मी वहीत लिहून घेतलंय. परीक्षेत तसंच लिहीन. पण हळू बोलण्यानंही एखाद्याला उंबऱ्याबाहेर ठेवता येतं, आणि ठेवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, हे लिहायला त्या वहीत जागा नाही. मायनं पाच वर्षं शकूला जपलं, आणि शकू पाच वर्षं वाट बघत राहिली.

मामा संध्याकाळच्या गाडीनं एकटाच गेला. बांगड्या मायच्या हातात देऊन गेला, "मॅट्रिक झाल्यावर घालू." मॅट्रिक झालं तेव्हा त्या शकूच्या हातात चढल्या नाहीत. तिनं डी.एड.चा अर्ज भरला. मामाच्या पोराचं लग्न दुसरीकडं झालं आणि शकूनं त्या पंगतीत बुंदी वाढली. मामा त्या दुपारी काय ऐकून मॅट्रिकपर्यंत थांबायला तयार झाला, ते तो जाताना गोदामायला बोलला, "अशी तर माझी माय मला बोलायची." ते बोलणं काय होतं, तेवढंच सांगायचं राहिलं.

तर त्या दुपारी, शकू रडत असतानाच, करपट-कडू वास आधी मायला आला. घागर खाली ठेवून ती कढईकडं धावली, गोणपाट फेकलं, काडी टोचली. काडी लोण्यात जावी तशी गेली. वरचं हळकुंड तिनं चिमटीत धरलं तर त्याचा गाळ झाला. तिनं तो गाळ माझ्या पायाशी आपटला.

"मुडद्या, जाळ सार म्हणलं होतं का पदर घे म्हणलं होतं? माझा आवाज चोरायला शाळेत घातलं का तुला? चोरला तर चोरला, माझं बोलणं तरी बराबर चोरायचं. माय-बाप मेलेलं लेकरू उरावर हाय, असं मी कधी बोलले रे? कोणत्या तोंडानं बोलले? ती मिशीवाली तिच्या गावात काय करायचं ते करंल, ही कढई कोण बघंल, तिचा नवरा?" एवढं मला. हे रोजचंच होतं, फक्त जरा लांब. मग ती थांबली, श्वास घेतला आणि वळली. "आन तू गं भवाने? तुला काडी टोच म्हणलं होतं ना? का तुलाबी नाटकात काम पाहिजे होतं? सालाची मेहनत मातीत घातली. खायला काळ अन् भुईला भार, दोघंबी."

शकूनं डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. हात हळदीचे, त्यामुळं गाल, कपाळ, हनुवटी, सगळं पिवळंधमक झालं. सांगितलं होतं ना, अक्षता खाली ठेवा म्हणून. हळद लागली ती एवढीच. आणि त्या पिवळ्या तोंडानं ती रडता रडता हसून राहिली होती, थांबतच नव्हती.

"दात काय काढून राहिली?" माय तिच्यावर ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "आदी हळद उपस. रडायचं ते मग रड."